सोनूबाईंची वरची खोली

मुंबईत भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग माणसं किती ते विचारतो, आणि सगळ्यात शेवटी आवाज खाली आणून सांगतो की पावती मिळणार नाही. गिरगावातली आमची इमारत टेकूंवर उभी राहिल्यापासून मी आणि हेरंब, म्हणजे माझा नवरा, आम्ही इतक्या खोल्या पाहिल्या होत्या की पावतीचं वाक्य आता येणार हे मला मालकाच्या चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. त्यामुळे माहीमच्या कोळीवाड्यात एका नव्याकोऱ्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईनं, ‘पावती कोनाच्या नावानं फारायची, तुज्या का घोवाच्या?’ असं विचारलं तेव्हा हेरंब गोंधळून माझ्याच तोंडाकडे बघत राहिला.

खोली चांगली होती. ताज्या चुन्याचा वास येत होता. बाहेरून स्वतंत्र जिना, आत मोरी, स्वैपाकाचा ओटा, विजेचं मीटर वेगळं, आणि सगळं महानगरपालिकेच्या मंजूर नकाशाप्रमाणे. हेरंब सरकारी कचेरीत कारकून, आणि पावती दाखवल्याशिवाय घरभाडं भत्ता द्यायचा नाही असा कचेरीचा नियम. खाली सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासाबद्दल माझ्या सासूबाईंनी एकदा विचारून पाहिलं, पण आम्ही सीकेपी. त्या वासानं आमच्याकडे माणसाला भूक लागते. पंच्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर आम्ही तिथे राहायला गेलो आणि माझा बहुतेक संसार त्याच खोलीत झाला.

जिन्याशी उभी असलेली बाई म्हणजे सोनूबाई तांडेल. वय पन्नाशीच्या पुढे, बांधा आडवा, काष्ट्याचं लुगडं घट्ट कसलेलं, आणि दोन्ही हात मोकळे. दादरच्या बाजारात त्यांची मासळीची पाटी होती. घासाघीस करणाऱ्या बायकांना त्या अशा काही उत्तर द्यायच्या की बाई पापलेट घ्यायची आणि वर ओशाळायची. पहिल्या दिवशी मी त्यांना मालकीणबाई म्हटलं. त्यांनी माझं बोलणं तिथेच तोडलं आणि सांगितलं की मालकीण म्हणायचं नाही, सोनूबाई म्हणायचं. मला तो साधेपणा वाटला. तसं नव्हतं हे कळायला पुढे काही वर्षं गेली, आणि कळलं तेही तुकड्यातुकड्यानं. थोडं त्यांनी सांगितलं, थोडं त्यांच्या सुनेनं, मंजुळानं, दुपारी सोड्यांसाठी कोलंबी सोलायला मी खाली जाऊन बसायचे तेव्हा.

आधी एक रीत सांगायला हवी. कोळ्यांकडे लग्नात नवरीचे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरतात, आणि मग उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून समुद्राला देतात. ह्या तुला घे आणि माझा माणूस सांभाळ, असं ते मागणं असतं. त्यानंतर बाईचा उजवा हात जन्मभर मोकळा आणि डाव्यात बांगड्या. जुन्या कोळणी अशाच दिसायच्या, आणि आमच्या गिरगावातल्या बायकांना वाटायचं की मासे कापायला सोयीचं पडावं म्हणून हे असेल. मलाही तसंच वाटायचं. आपल्याला माहीत नसलं की आपण सोयीचं कारण देऊन मोकळे होतो.

सोनूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माहीमच्या किनाऱ्यावर अशाच बांगड्या दिल्या होत्या. नवरा तुळशीदास. बायको शंभर वाक्यं बोलली की हा एक बोलायचा, आणि ते एकही पुष्कळदा नुसतं ‘हं’ असायचं. पण सोनूबाईंना मांदेली आवडते म्हणून तो गडी जाळ्यातल्या ढिगातून मांदेली हातानं वेगळी निवडून आणायचा. त्या फुटकळ मासळीसाठी कुणी वाकत नाही. हे सांगताना सोनूबाईंचा चढा आवाज आपोआप खाली यायचा.

चौऱ्याहत्तर साली, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, तुळशीदास आणि त्याचा जोडीदार धोंडू समुद्रावर गेले आणि वादळात सापडले. धोंडूचं प्रेत वर्सोव्याच्या अंगाला लागलं. तुळशीदासाचं लागलं नाही. धोंडूच्या बायकोच्या, सुंदराबाईच्या, डाव्या हातातल्या बांगड्या वाटेवरच्या दगडावर फोडल्या, आणि सोनूबाईंच्या हातातल्या राहिल्या. प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं जाणत्यांनी सांगितलं. तोवर बाई सवाष्ण. सोनूबाई कुंकू लावत राहिल्या, लोकांच्या हळदीला जात राहिल्या. समुद्राकडे आपल्या बांगड्या आहेत, तेव्हा आज ना उद्या माणूस परत द्यावाच लागेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

माणूस परत येईल म्हणणारी ही बाई, पण मुलाच्या बाबतीत तिनं समुद्रावर विश्वास ठेवला नाही. उत्तम तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि बापाबरोबर बोटीवर जायला लागला होता. सोनूबाईंनी त्याला बोटीवरून खाली उतरवलं, बोटीतला वाटा विकून टाकला आणि ओळख काढून त्याला लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवला. पुढे तो सूतखात्यात कायम झाला. आडदांड कोळी पोर, पण संध्याकाळी घरी यायचा तो डोक्यात कापसाची पिंज घेऊन. कोळीवाड्यात त्याची थट्टा व्हायची की उत्तमच्या दर्याला पाणीच नाही.

उत्तमचं लग्न मंजुळाशी झालं तेव्हा तर सोनूबाईंनी हद्द केली. चुडा भरून झाला, बायका नवरीला घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या, आणि ह्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. माझा मुलगा समुद्रावर जात नाही, तेव्हा माझ्या सुनेच्या बांगड्यांवर समुद्राचा हक्क नाही, असं त्यांनी सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं. मग काय गिरणीच्या भोंग्याला द्यायच्या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळा वाडा हसला. मंजुळा दोन्ही हात भरलेले घेऊन सासरी नांदायला लागली. नळावर पाण्याला गेली तरी बायका तिच्या उजव्या हाताकडे बघायच्या. लाज वाटायची, असं तिनं मला सांगितलं. पण सासूला सांगायची छाती नव्हती.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. उत्तम त्यात मनापासून उतरला. मोर्चाला गेला, लाठी खाल्ली, दोनदा आत जाऊन आला. कायद्यानं मान्य असलेली युनियन एक आणि कामगार ज्यांच्या मागे गेले ते दुसरे, त्यामुळे हा संप बेकायदेशीर ठरला. हा शब्द उत्तमला फार लागला. खांद्यावर जखम झाली ती भरली, पण ह्या शब्दाबद्दल तो मरेपर्यंत चिडून बोलायचा. गिरणीत आठ-आठ तास उभं राहून आपण कधी सुताची एक नळी चोरली नाही, आणि आपल्याला बेकायदेशीर म्हणतात, हे त्याला पटत नव्हतं. मला तरी कुठे पटतं?

पहिले काही महिने सोनूबाईंच्या पाटीवर घर चाललं. मंजुळाची दोन लहान मुलं होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या, बाजारात मासळी येईना, तेव्हा घरात खरी ओढाताण सुरू झाली. तेव्हा उत्तमच्या डोक्यात खोलीचं आलं. घर स्वतःचं, जागा गावठाणातली, बापजाद्यांची. कौलं उतरवून वर एक खोली चढवायची आणि भाड्यानं द्यायची. गिरणी चालू होवो न होवो, दर महिन्याला घरात काहीतरी येईल.

शेजारी भिवा राहायचा. त्याची बोट होती आणि घरावर एक पत्र्याचा माळाही त्यानं चढवला होता. त्याचा सल्ला असा की फळ्या आण, पत्रे आण, चार दिवसांत उभं कर आणि वॉर्डातल्या माणसाला खूश कर, परवानगी मागत बसलास तर म्हातारा होशील. सल्ला व्यवहाराला धरून होता. फक्त त्यानंतर पंधरवड्यातच पालिकेची गाडी आली आणि भिवाच्या माळ्यावरच्या भाडेकरूचा स्टोव्ह, भांडी आणि देवांचा फोटो गल्लीत येऊन पडला. उत्तमनं ते उभं राहून पाहिलं. घरी येऊन तो आईला एवढंच म्हणाला, ‘एकदा मना बेकायदा बोलले. आता खोली बांदीन ती कायद्यानं.’

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्यानं काढली तो वॉर्ड ऑफिसात फार लवकर सुटला असला पाहिजे. नकाशा काढायला परवानावाला माणूस गाठावा लागला. त्यानं सांगितलं की जिना बाहेरून वेगळा हवा, आणि तो काढायचा तर सोनूबाईंचा पुढचा अर्धा ओटा जाणार. ज्या ओट्यावर तीस वर्षं बोंबील वाळवले तो ओटा सोनूबाईंनी एका शब्दानं दिला. पश्चिमेला खिडकी हवी, तीही दिली. सगळं जुळलं आणि मग कचेरीतल्या माणसानं विचारलं की अर्जावर मालकाची सही कुठे आहे.

मालक तुळशीदास. घर त्याच्या नावावर. सही करायला तो नाही, आणि तो मेला असा दाखलाही नाही.

दादरला एक वकील होते, त्यांना सगळे अण्णाच म्हणत. संपातल्या लोकांची कामं ते फुकट करायचे. त्यांनी उत्तमला आणि सोनूबाईंना समोर बसवून समजावून सांगितलं की माणसाची सात वर्षं काही खबर नसेल, ज्यांना खबर यायला हवी त्यांनाच ती नसेल, तर कोर्ट तो मेला असं धरतं. तुळशीदासाला जाऊन आठ होऊन गेली होती. बायकोनं कोर्टात शपथेवर सांगायचं की काही खबर नाही, पुढचं सगळं आपोआप होईल. सोनूबाईंनी विचारलं की समाजाची तर बारा असतात. अण्णा म्हणाले की समाजाची बारा आणि कायद्याची सात. सोनूबाईंनी मान हलवली. अण्णांना वाटलं त्यांना समजलं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांची साक्ष झाली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अशा त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. काय सांगायचं ते अण्णांनी तीनदा पढवलं होतं. ‘नाही’ एवढं एकच सांगायचं होतं. न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत विचारलं की ह्या वर्षांत पतीची काही खबर आली का. सोनूबाईंनी शपथ घेतली होती, आणि मनात एकवीरा आईला धरून घेतली होती. त्या म्हणाल्या, आली.

कोर्टात सगळ्यांनी माना वर केल्या. मग सोनूबाईंनी सांगितलं की होळी झाल्यावर, तो गेला त्याच्या चौथ्या वर्षी, खाडीच्या तोंडाशी वाळूत त्यांना लाकडाचा एक बोया सापडला. जाळं तरंगतं ठेवायला लावतात तो. प्रत्येक घराची आपल्या बोयावर कोरलेली खूण असते, आणि त्यावर त्यांच्या घराची खूण होती. तुळशीदासानंच कोरलेली. ‘जालं आलं,’ त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, ‘म्हनजे मानूस मागं हाय.’

जाळं ओढताना बोया आधी दिसतो आणि माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला असतो. जन्मभर किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी हेच पाहिलं होतं. कोर्टाला ते कसं कळणार? अण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. न्यायाधीश चांगले असावेत, त्यांनी अर्ज फेटाळला नाही, पुढे ढकलला. घरात आल्यावर उत्तम आईला बोलला. ‘आये, बाबा गेला. तुज्याबिगर सगल्यांना ठावं हाय.’

सोनूबाईंनी अण्णांकडे पुन्हा जायचं नावही काढलं नाही. कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये म्हणतात, पण इथे शहाणं कोण आणि खुळं कोण हे मला आजही सांगता येत नाही. मुलगा भुकेल्या पोरांकडे बघत होता. आई नवऱ्याला जिवंत ठेवत होती. खोटं कुणाचंच नव्हतं.

तोवर संप मोडत आला होता. काही जण लिहून देऊन कामावर गेले. उत्तमनं लिहून दिलं नाही, आणि दिलं असतं तरी त्याला घेतलं असतं असं नाही, कारण गिरणीनं ज्यांना नको म्हटलं होतं त्यांत तो होता. पावसाळा सरत आला तेव्हा भिवा घरी आला आणि त्यानं उत्तमला आपल्या बोटीवर यायला सांगितलं. भिवा मनानं चांगला. उपाशी शेजाऱ्याला हात द्यायचा तर त्याच्याजवळ बोटीशिवाय दुसरं काय होतं? उत्तमनं हो म्हटलं. आईला कळू द्यायचं नाही असं ठरलं, आणि फक्त मंजुळाला त्यानं सांगितलं.

नारळी पौर्णिमेला सगळा कोळीवाडा नटून किनाऱ्यावर गेला, समुद्राला नारळ दिला, नाच झाला. दुसऱ्या दिवशी सोनूबाई बाजारातून दुपारी परत आल्या, पाटी उतरवली आणि ओट्यावर टेकल्या. मंजुळानं पाण्याचा तांब्या पुढे केला. ज्या हातानं केला तो हात मोकळा होता.

सोनूबाईंनी तांब्या घेतला नाही. मंजुळानं मला सांगितलं की तिनं आदल्या संध्याकाळी गर्दीत एका बाजूला जाऊन उजव्या हातातल्या बांगड्या स्वतःच उतरवल्या आणि पाण्यात सोडल्या. कुणी तिला सांगितलं नव्हतं. नवरा समुद्रावर जाणार, तर बायकोनं दुसरं काय करायचं? सासू ओरडेल म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. सोनूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

त्या दिवसाबद्दल सोनूबाई माझ्याशी एकदाच बोलल्या. ‘तिचा हात बगितला,’ त्या म्हणाल्या, ‘आन मना माजा हात दिसला. मी लय भ्याले गो.’ मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण भ्याले हा शब्द त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकला नाही.

उत्तम भिवाच्या बोटीवर जायला लागला. तो गेला की सोनूबाईंची पाटी बाजारात जाईना. त्या ओट्यावर बसून राहायच्या आणि बोट दिसली की उठून भात टाकायच्या. नवऱ्यासाठी एवढी वर्षं वाट बघणाऱ्या बाईला मुलासाठी दोन दिवस बघवत नव्हते. असे दोन महिने गेले. मग एका सकाळी त्या दादरला गेल्या, पण बाजारात न थांबता डोक्यावरच्या पाटीसकट अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या. अण्णा शाकाहारी, घरात सोवळं. तरी ते तसेच दाराशी आले.

‘माजा नवरा मेला,’ सोनूबाई म्हणाल्या. ‘तारीख दे.’

तारीख दिवाळीनंतरची मिळाली. तिच्या आदल्या दिवशी सोनूबाईंनी कासाराला घरी बोलावलं आणि मंजुळाला पाटावर बसवून तिचा उजवा हात भरायला सांगितला. कासार कोळीवाड्यातलाच, त्याला रीत ठाऊक. तो घुटमळला. डावा भरायचा ना, असं त्यानं दोनदा विचारलं. सोनूबाईंनी सुनेचा उजवा हात आपल्या हातात धरून त्याच्यापुढे केला. चुडा भरायला सवाष्ण लागते, आणि त्या उद्या दुपारपर्यंतच सवाष्ण होत्या. म्हणून ही घाई होती. हे मंजुळाला तेव्हा समजलं नाही, आणि समजलं तेव्हा ती मोरीत जाऊन रडली. बांगड्या भरून झाल्यावर सासूनं तिला बजावलं, ‘या कोनाला द्यायच्या नाय. दर्या मागायला आला तरी नाय.’

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी तोच प्रश्न विचारला. सोनूबाईंनी काही खबर नाही असं सांगितलं. मागच्या वेळी बोयाचं सांगितलं होतं, त्याचं काय, असंही न्यायाधीशांनी विचारलं. ‘जालं आलं,’ सोनूबाई म्हणाल्या. ‘मानूस आला नाय. आला असता तर मना भेटल्याबिगर ऱ्हायला नसता.’ दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. कसं सांगितलं असेल कोण जाणे.

घरी बायका जमून बसल्या होत्या, बांगड्या फोडायला. सोनूबाई घरी गेल्याच नाहीत. बसमधून उतरून त्या मंजुळाला घेऊन थेट किनाऱ्यावर गेल्या. ओहोटी होती, चिखलातून गुडघ्याएवढ्या पाण्यात त्या गेल्या आणि डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. मंजुळा मागे उभी होती, तिनं सगळं ऐकलं. दादरच्या बाजारात सौदा ठरवून मागे फिरलेल्या गिऱ्हाइकाशी त्या जशा बोलायच्या, तशाच त्या समुद्राशी बोलल्या. ‘उजव्या घेतल्यास तवा मानूस सांबालीन बोललास. नाय सांबाललास. आता ह्या पन घे. पन माज्या पोराला हात लावायचा नाय.’

मग त्या वाळूवर येऊन बसल्या आणि रडल्या. तुळशीदास गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. आवाज मुळातच मोठा, तो सगळ्या वाड्यानं ऐकला. भिवानं बोटीवरचं काम थांबवलं. सुंदराबाई, धोंडूची बायको, धावत आली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत हे असं केलं म्हणून काही जाणते कुरकुरले, पण दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायला सगळे आले.

घर सोनूबाईंच्या नावावर झालं. म्हणूनच मालकीण म्हटलं की त्या चिडायच्या. कशानं मालकीण झालो हे त्या विसरल्या नव्हत्या. गळ्यातलं सोनं मोडून विटा आल्या, नकाशा मंजूर झाला, जिना झाला, पश्चिमेला खिडकी झाली. पावती देऊ नको, भाडेकरू जन्माचा चिकटतो, असं त्यांना दहा जणांनी सांगितलं. चिकटू दे, एवढंच त्यांचं उत्तर. आम्ही चिकटलो, हे खरंच आहे. पहिल्या महिन्याचं भाडं मी त्यांच्या हातात ठेवलं तेव्हा त्यांनी ते मोजलंही नाही. उत्तमला हाक मारली आणि भिवाच्या बोटीवरचं आपलं कांबळं घेऊन ये म्हणून सांगितलं. तो गेला आणि घेऊन आला. मला वाटलं कांबळं धुवायचं असेल.

उत्तम पुन्हा बोटीवर गेला नाही. गिरणीनंही त्याला बोलावलं नाही, आणि पुढे तिथे चिमणीही राहिली नाही. भाऊच्या धक्क्याजवळ बर्फाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. समुद्राच्या इतक्या जवळ, पण जमिनीवर. सोनूबाई माझ्याकडे पुष्कळदा वर यायच्या, चहा प्यायच्या, हेरंबच्या कचेरीच्या गोष्टी ऐकून हसायच्या. पश्चिमेच्या खिडकीतून खाडीचं तोंड आणि बाहेरचा समुद्र दिसतो. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिथे जाऊन उभा राहतो. सोनूबाई नेहमी त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या. मी एकदाच त्यांना म्हटलं की इकडे वारा येतो, इकडे बसा. त्या म्हणाल्या, बरं आहे इथंच.

सोनूबाई गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गेल्या तेव्हा उत्तमनं खांदा दिला, अग्नी दिला, आणि सगळं झाल्यावर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. आईनं आपल्यासाठी बापाला मारलं, असं तो मला म्हणाला. मी त्याला म्हटलं की असं बोलू नये. पण तो बोलला ते खरं होतं, आणि त्याला त्याचं ओझंही होतं.

मग उत्तम गेला. चौसष्टाव्या वर्षी, दुपारी जेवून पलंगावर आडवा झाला तो उठलाच नाही. मंजुळाची हाक ऐकून मी जिना उतरून धावले. माझ्याच खोलीच्या बरोबर खाली, पंख्याखाली, चादर पायापर्यंत घेऊन तो झोपल्यासारखा पडला होता. त्या घरात बापजाद्यांपासून किती पुरुष अंथरुणात मेले असतील, मला शंका आहे. मंजुळा त्याच्या उशाशी बसून होती.

थोड्या वेळानं सुंदराबाई आली. ऐंशीच्या घरात गेलेली, काठी टेकत. कोळीवाड्यातल्या अशा किती घरांत ती जाऊन आली असेल, तिचं तिलाच ठाऊक. ती मंजुळाजवळ बसली, तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बांगड्या एकेक करून हळूच उतरवल्या. आता फोडत नाहीत, उतरवतात. झालं तसं तिनं काठीला हात घातला आणि सवयीनं उठायला लागली.

मंजुळानं आपला भरलेला उजवा हात पुढे केला.